पेडणेकरकाकांचा कुकारा

पेडणेकरकाका कुठल्याही कार पार्कमध्ये गाडीतून उतरले की सगळ्यात आधी कुकारा घालतात. ज्यांना कोकण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुकारा म्हणजे या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या माणसाला मारलेली लांबलचक हाक. "कूऽऽऽ!" मोबाइल येण्याआधी तिकडे त्यावर बरीच कामं होत. इथे लंडनच्या कडेला, स्टॅनमोरच्या सुपरमार्केटबाहेर त्यावर कुठलंच काम होत नाही. ट्रॉल्या ढकलणारी माणसं थबकतात, एखादं कुत्रं भुंकतं आणि मी सीटबेल्ट अडकल्याचं नाटक करत गाडीतच बसून राहतो. मी म्हणजे काकांचा शेजारी, आणि त्यांनी गाडी चालवणं सोडल्यापासूनचा त्यांचा बिनपगारी ड्रायव्हर.

कुकारा घातला की काका मान तिरकी करून थोडा वेळ उभे राहतात. मग म्हणतात, "चला. घसा मोकळा झाला."

"काका, घशासाठी गोळ्या मिळतात की हो."

"गोळ्यांनी आवाज लांब जात नाही, बाळा."

मला वाटायचं, पन्नास वर्षं इंग्लंडात हळू आवाजात बोलून माणसाचं असंच होत असणार. बायकोला म्हटलंसुद्धा, आपण वेळेवर पुण्याला परत जाऊ.

काकांचं दुसरं वेड म्हणजे गूळपाणी. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा कचऱ्याची कुठली पेटी कुठल्या वारी बाहेर ठेवायची हे विचारायला मी त्यांची बेल वाजवली होती. दार उघडलं तर समोर हा उंच म्हातारा, घरात मफलर आणि पायात चक्क वहाणा. "नमस्कार, मी..." असं मी म्हणतोय तोवर त्यांनी हात वर केला. "आधी गूळपाणी." सुमनकाकूंनी तांब्या आणि वाटी आणली. गुळाचा खडा तोंडात विरघळून पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी मला नाव सांगू दिलं नाही. मी सदाशिव पेठेत वाढलेला. आमच्याकडे नाव, काम आणि परत कधी जाणार हे कळल्यावरच पाण्याचा विचार होतो. मला ते फारच चमत्कारिक वाटलं आणि, खरं सांगतो, फार बरंही वाटलं.

त्यांच्या आईचा नियम होता म्हणे. घाटी, म्हणजे डोंगरातली उभी पायवाट, चढून जो येईल त्याच्या हातात आधी पाणी. तो कोण, कुणाचा, कशाला आला, ते त्याचा घसा ओला झाल्यावर. काकांनी हा नियम पासपोर्टासारखा जपून इथे आणला आणि सगळीकडे लागू केला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर फारच. आपल्या माणसांना नवा चेहरा दिसला की तोंडाला खाज सुटते. पहिला प्रश्न "मूळचे कुठले?" आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात, "इथे कसे?" एकदा आमचे खजिनदार एका हडकुळ्या तरुणाला पंगतीतच विचारू लागले, "आयटीत का? व्हिसा कुठला तुमचा?" तो पोरगा खाता खाता थांबला. काका वाढत होते. त्यांनी ताटातला मोदक उचलला आणि थेट खजिनदारांच्या तोंडात घातला. "नाव-गाव जेवल्यावर!" मंडळाच्या इतिहासात खजिनदार पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बसले.

असा हा माणूस आमच्या वॉर्डाचा कौन्सिलर आहे, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. निवृत्त झाल्यावर लोक बागेत टोमॅटो लावतात, काका निवडणुकीला उभे राहिले आणि दारोदार हिंडून, मिळेल तिथे पाणी मागून पिऊन, निवडून आले.

तर या हिवाळ्यात एक भानगड झाली. वरून सूचना येऊ घातली होती, की कौन्सिलच्या इंग्लिशच्या वर्गाला, गरम जेवणाला, लहान मुलांच्या सेंटरला जो येईल त्याचे कागद आधी तपासा. या देशात राहायची परवानगी नसेल तर आत घेऊ नका. काकांनी कौन्सिलमध्ये ठराव मांडला, आम्ही दारात कागद विचारणार नाही. आणि तेव्हापासून त्यांना झोप येईना. रोज सकाळी ते कुंपणापलीकडून मला भाषण ऐकवू लागले. मी कचऱ्याचा बिन बाहेर काढत असलो तरी.

मला, खोटं कशाला बोलू, त्यांचं पटत नव्हतं. आम्ही व्हिसाची फी भरली, दवाखान्याचा सरचार्ज वेगळा भरला, तासन्‌तास रांगेत उभे राहिलो. मी एकदा तोडून बोललो, "काका, मी रीतसर आलोय. जे तसे आले नाहीत त्यांचं मी का बघायचं?"

काका चिडले नाहीत. म्हणाले, "तू रीतसर आलास, उत्तम केलंस. पण माझ्याकडे पाणी प्यायलास तेव्हा मला माहीत होतं का ते?"

यावर मी बिन जरा जोरात ढकलला.

मतदानाच्या दिवशी दुपारी मी त्यांना न्यायला गेलो. काका वर कपडे करत होते. काकू ओट्याशी गुळाचे खडे करत होत्या, कौन्सिलमध्ये न्यायला. मी हसून म्हटलं, "इतकं काय मनावर घ्यायचं? ठरावच आहे."

काकूंनी बत्ता खाली ठेवला. "तुला मधूभाऊजी माहीत नाहीत," त्या म्हणाल्या.

मधू म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. हॉटेलात कुक म्हणून आला, हॉटेल बंद पडलं, व्हिसा संपला, आणि आज जातो उद्या जातो करत वरच्या छोट्या खोलीत राहिला. गावाला काही उरलं नव्हतं. त्यात छातीचं दुखणं निघालं. तो डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. काका म्हणाले, चल, मी आहे ना. दोघं हॉस्पिटलात गेले. रिसेप्शनवरच्या बाईने त्याचे इथे राहण्याचे कागद मागितले. बाई वाईट नव्हती, तिला विचारावंच लागत होतं. मधू म्हणाला, "गाडीत राहिले, आणतो." आणि कार पार्ककडे गेला.

"गाडीत काही नव्हतं रे," काकू म्हणाल्या. "हे वाट बघत बसले. मग बाहेर जाऊन हाका मारल्या. तो कुठेच नव्हता. पोलिसांत जावं, तर शोधून विमानात बसवतील ही भीती. एकदा फोन आला होता, 'दादा, मी बरा आहे, तुझ्या दाराशी पोलीस नकोत.' कुठून ते सांगितलं नाही. ह्यांचं एकच चाललंय. म्हणतात, मधग्या कुठेतरी थंडीत हिंडत असेल, कुठल्यातरी दारात जाईल. तिथेही पहिला प्रश्न तोच आला, तर तो तिथूनही गाडीकडे जाईल."

मी वाटीतला एक खडा उगाच तोंडात टाकला.

इतक्यात काका खाली आले. काकू त्यांना म्हणाल्या, "आज तिथे सांगा ना मधूभाऊजींचं. लोकांना कळू दे."

"त्याला लपायला जागा नाही, आणि मी त्याला चव्हाट्यावर मांडू?" काका म्हणाले. "गूळ भरला का?"

मी प्रेक्षकांत मागे बसलो. गूळ आणि पाण्याचा थर्मास दारातच अडवले गेले, सभागृहात खायला बंदी होती. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ आधी बोलले. पैसा अपुरा आहे, जे नियमाने आले त्यांच्यावर अन्याय होतो, असं त्यांनी शांतपणे मांडलं. ते माझंच म्हणणं होतं, माझ्यापेक्षा बऱ्या इंग्लिशमध्ये. ऐकताना मला पहिल्यांदाच ते अपुरं वाटलं.

मग काका उठले. आई, घाटी, तांब्या, गूळ, सगळं त्यांनी मालवणी वळणाच्या इंग्लिशमध्ये सांगितलं. लोक हसले. काका म्हणाले, "हसा. पण दारात आलेल्याचा घसा कोरडा आहे की ओला, हे कागदावर लिहिलेलं नसतं." आवाज चढत गेला आणि मध्येच चिरकला. ते पाणी प्यायले, पुन्हा बोलले, शेवटी नुसती कुजबूज उरली. मधूचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मला तेव्हा त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की शेजारच्या बाईंनी मला टिश्यू दिला.

ठराव पास झाला, अगदी थोडक्यात. बाहेर ते समोरच्या बाकावरचे गृहस्थ आले, दोन खडे खाल्ले आणि म्हणाले, मत विरोधातच राहील, पण हा पदार्थ छान आहे. काकांनी त्यांना तिसरा दिला.

कार पार्ककडे जाताना मी म्हटलं, "काका, याने कायदा थोडाच बदलणार?"

"नाही बदलत," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण आपल्या दारावरची बाई आता आधी 'या' म्हणेल. तेवढं तर झालं."

संध्याकाळ उतरली होती. दिवे लागले होते, गाड्या एकेक करून निघत होत्या. गाडीपाशी येऊन मी सवयीने आत बसलो आणि सीटबेल्ट लावला. काका बाहेरच थांबले, नेहमीसारखे. मान वर केली, तोंडाशी हात धरले. घशातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

मी सीटबेल्ट काढला, उतरलो, तोंडाशी हात धरले आणि कुकारा घातला. सदाशिव पेठेतला माणूस कुकारा घालतो तेव्हा कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखं वाटतं. लांबून एका बाईने वळून पाहिलं.

"ओढून दे," काका कुजबुजले. "शेवटाला वर ने. आमच्याकडे भांडण असलं तरी कुकाऱ्याला ओ देतात."

मी छाती भरून पुन्हा घातला. "कूऽऽऽऽ!" तो गाड्यांवरून, कुंपणावरून, पलीकडच्या रस्त्यावर गेला. आम्ही दोघं माना तिरक्या करून उभे राहिलो. बसचा आवाज आला, एक कुत्रं भुंकलं, मग तेही थांबलं. थंडी बोचायला लागली तसा मी हळूच दाराकडे हात नेला.

काकांनी माझा हात धरला.

"थांब जरा," ते म्हणाले. "लहानपणीसुद्धा तो लगेच ओ द्यायचा नाही."