राक्षसांची फाइल

दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरात मेश्राम भावजींच्या मंजुरीशिवाय एकही राक्षस मुलांसमोर येऊ शकत नसे. राक्षस म्हणजे बाहुल्यांचे हो, व्हिडिओ कॅसेटमधले!

तेव्हा नुकतेच घरोघर कलर टीव्ही आले होते. मार्केटात कॅसेट भाड्यानं मिळायच्या आणि परदेशी बाहुल्यांच्या जादूच्या फिल्म्सचं पोरांना नुसतं वेड. भावजी आमचे शेजारी, मूळचे नागपूरचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. वर्षापूर्वी सुमनवहिनी आजारपणात गेल्या. मागे हे आणि सात वर्षांची राणी. पोरगी आता कशालाही घाबरू नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

म्हणून दर रविवारी आपल्या घरी कॉलनीतल्या पोरांना फिल्म दाखवण्याआधी ते शनिवारीच कॅसेट तपासत. कशी? तर ऑफिसातल्यासारखी फाइल उघडून! मी एकदा डोकावले. लिहिलं होतं : 'चेटकीण. नाक लांब. हरकत नाही. राक्षस. डोळे गरगरा फिरतात. आक्षेपार्ह. टॉवेल.'

टॉवेल म्हणजे, ते दृश्य आलं की भावजी टीव्हीसमोर टॉवेल ताणून उभे राहायचे. आवाज मात्र चालूच! आता नुसतं गुरगुरणं ऐकून पोरं जास्तच घाबरणार की नाही? आमचा मंदार तर टॉवेल दिसला की किंचाळायचा.

"अहो भावजी, राक्षसच नसलेली फिल्म आणा ना," मी म्हटलं.

"बिल्कुल नाही, वहिनी! भीती पाहिजे. पण वरणात हिंग असतो तेवढीच."

शनिवारी तपासताना राक्षस नसलेला भाग मात्र ते फास्ट फॉरवर्ड करून संपवत. "तिथं काय तपासायचं? नुसत्या गप्पा असतात!"

त्या रविवारी सतरंजीवर पंधरा पोरं दाटीवाटीनं बसली होती. राक्षस आला, टॉवेल आला, किंचाळ्या झाल्या. सगळं फाइलप्रमाणे. मग एक साधंसं घर दिसलं. खाटेवर बाहुली-आई, उशाशी तिचं पिल्लू. आई काहीतरी पुटपुटली आणि तिचा हात खाली पडला. बस, एवढंच.

भावजी टीव्हीशेजारीच उभे होते. टॉवेल हातातच लोंबत राहिला. चेहरा पांढराफटक. मी टीव्ही बंद करायला उठले, तर मेला रिमोट सापडेना! राणीकडे तर बघवेना.

राणी उठली. मला वाटलं, आता ही भोकाड पसरते. ती सरळ बापाकडे गेली, हात धरून त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांवर आपले दोन्ही तळवे ठेवले.

"तुम्ही नका बघू, बाबा. त्या पिल्लाचं पुढे काय होतं, ते मी सांगते तुम्हाला."

आणि फिल्म संपेपर्यंत त्यांच्या कानाशी हळूच सांगत राहिली, "आता ते उठलं. आता बाहेर गेलं. आता जेवतंय, बाबा."