शनिवारी रस्ता बंद

"हँडबिलं? अगं, या जमान्यात हँडबिलं?"

नवऱ्याने हे अशा सुरात विचारलं, की बायकोला क्षणभर वाटलं, आपण दुकानाच्या जाहिरातीसाठी दवंडी पिटायचंच म्हणालो की काय!

"शंभर तरी छापून घेऊ," ती म्हणाली. "पूल, गल्ली, दुकान, असा बाण काढून. लोकांना सापडायला नको का?"

"सापडायला? तू फक्त शटर वर कर. माणसं आणायचं काम माझं! नकाशा एकेकाचा हात धरून दारात आणून सोडेल!"

हे गृहस्थ दिवसभर फ्रिजच्या सुट्या भागांच्या काउंटरवर बसत, पण ते फक्त पोटासाठी. त्यांचा खरा जीव अडकला होता मोबाइलवरच्या नकाशात. लाखो लोक तो नकाशा लावून गाड्या हाकतात, आणि तो दुरुस्त ठेवतात ते बिनपगारी हौशी लोक. कुठे नवा रस्ता झाला, कुठे खणून ठेवला, कोणत्या शाळेची हद्द कुठे संपते, हे सगळं हीच मंडळी रेखाटतात. गृहस्थ त्यांतले एक. एका दवाखान्याच्या हद्दीत सायकलस्टँड येतं की नाही, यावर ते एका अनोळखी माणसाशी अठरा दिवस भांडले होते आणि जिंकले होते. नातेवाईक त्यांना 'नकाशेराव' म्हणत. हे कौतुक आहे असा त्यांचा समज होता आणि तो मोडायचा धीर आजवर कोणाला झाला नव्हता.

या हौशी लोकांतही पायऱ्या असतात. एकूण पाच. चार वर्षं घाम गाळून नकाशेराव दुसऱ्या पायरीवर पोचले होते. पाचव्या पायरीवर होता 'घुबड' या नावाचा कोणी एक. तो बाई की बुवा, म्हातारा की तरुण, काही ठाऊक नाही. त्याला काहीही कळवलं की त्याचं एकच उत्तर येई : "पुरावा?"

बायकोची गोष्ट मात्र हौसेची नव्हती. एकोणीस वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात दुसऱ्याच्या नावाची लेबलं शिवली होती. आता कालव्याकाठच्या गल्लीत एक खोली घेऊन तिने स्वतःचं दुकान थाटलं होतं : कपडे दुरुस्त करून मिळतील. शनिवारी दहाला दुकान उघडायचं आणि अकराला मोठ्या इस्पितळाच्या मेट्रनबाई यायच्या. त्यांच्याकडे साठ परिचारिकांचे पांढरे गणवेश होते, कायमच्या डागडुजीचं काम होतं. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "नमुन्याचा एक कोट आणते. अकराला येईन, साडेअकराला निघेन. पसंत पडलं तर काम तुमचं, नाही तर दुसरीकडे बोलणं झालंय." हे काम मिळालं तर दुकान चाललं. नाही मिळालं तर पुन्हा कारखान्याचा भोंगा.

गुरुवारी नकाशेराव कामाला लागले. आधी दुकानाची हद्द आखली. आखताना त्यांना दुकानामागचा ओटा दिसला. बायको तिथे इस्त्रीचं टेबल लावणार होती. तो का सोडायचा? घेतला हद्दीत! त्यामुळे दुकानाची हद्द थेट कालव्याच्या काठाला जाऊन टेकली. नकाशेरावांनी मान वाकडी करून चौकोन न्याहाळला. नवऱ्यामुलीचा फोटो पाहावा तसा पाहिला म्हणा ना.

मग त्यांच्या लक्षात आलं ते सिमेंटच्या ट्रकांचं. गोदामातले ट्रक मोबाइल बघून शॉर्टकट म्हणून याच गल्लीत घुसत आणि धुळीचे लोट उठवत. शनिवारी पांढरा कोट येणार, आणि त्यावर सिमेंट? छे! लोक बायकोला फुलं देतात, साडी देतात. नकाशेरावांनी ठरवलं, आपण बायकोला रस्ता द्यायचा. शनिवारी सात ते एक गल्ली नकाशावर बंद! ट्रक बाहेरच्या बाहेर पळतील आणि हिला सांगायचंच नाही. गुपचूप भेट!

"पुरावा?" घुबडाने विचारलं.

नकाशेराव थेट गल्लीत गेले. एका फळीवर जाड अक्षरांत 'शनिवारी रस्ता बंद' असं लिहिलं, ती गल्लीच्या तोंडाशी ठोकली, तिचा फोटो काढला आणि पाठवला. रस्ता बंद झाला. वर त्यांनी पुस्ती जोडली, "कोणी नवशिका येऊन बदल करेल. कृपया कुलूप घालावे." घुबडाने कुलूप घातलं. चौथ्या पायरीच्या खालच्या कोणालाही त्या रस्त्याला आता हात लावता येणार नव्हता.

नकाशेराव स्वतः दुसऱ्या पायरीवर आहेत, हे त्या आनंदाच्या भरात त्यांना आठवलं नाही. माणूस आनंदात आपली पायरी विसरतोच.

शनिवारी दहाला शटर वर गेलं. बायकोने मशीन पुसलं, कात्र्या ओळीने लावल्या, रिळांचा डबा उघडून ठेवला. बाहेर गल्ली कशी छान शांत होती. एक ट्रक नाही, धुळीचा कण नाही! सव्वादहापर्यंत नकाशेराव त्या शांततेवर बेहद्द खूश होते. मग माणूसही नाही, हे बायकोच्या ध्यानात आलं.

"अहो, कोणीच कसं नाही?"

"येतील, येतील. नकाशा आणतोय त्यांना."

तेवढ्यात मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, फोन आला.

"भावोजी, पोचलो बरं का!"

"कुठेयस? मला नाही दिसत."

"मोबाइल म्हणतोय, 'आपण पोचला आहात.' मला दुकान दिसतंय. खिडकीत ताई दिसतेय. मध्ये कालवाही दिसतोय. पोहत येऊ का?"

नकाशेराव मागच्या ओट्यावर धावले. कालव्याच्या पलीकडच्या रस्त्यावर, पंधरा पावलांवर, मेहुणा उभा होता आणि हात हलवत होता. त्याच्या शेजारी कारखान्यातल्या दोन मैत्रिणी होत्या. मागून तिसरी गाडी येऊन थांबली. तिच्यातूनही तोच गोड आवाज आला, "आपण पोचला आहात!"

नकाशेरावांना घाम फुटला. घोटाळा लख्ख दिसला त्यांना. गल्ली बंद म्हटल्यावर नकाशा लोकांना नेणार कुठे? दुकानाच्या हद्दीला सगळ्यांत जवळ असलेल्या उघड्या रस्त्यावर! आणि हद्द कोणी नेऊन टेकवली कालव्याला? त्या ओट्यासकट?

पूल एक किलोमीटर लांब. पलीकडचा रस्ता एकेरी, गाडी मागे वळवायची सोय नाही, आणि पुलावरून वळसा घालून चालत यायला अर्धा तास. मेट्रनबाईंकडे एकूण वेळ होता तेवढाच.

त्यांनी मोबाइल काढला, रस्ता उघडायला बोट लावलं. 'आपल्याला हा अधिकार नाही.' पुन्हा लावलं. 'आपल्याला हा अधिकार नाही.' त्यांनी घुबडाला लिहिलं, "रस्ता तातडीने उघडावा. तो मोकळाच आहे."

"पुरावा?"

नकाशेराव गल्लीच्या तोंडाकडे पळाले. रस्ता मोकळा आहे, असा एक फोटो हवा, बस! पण तिथे पोचले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्यात केशरी शंकू मांडलेले आणि त्यांच्यामधून मोटार शिकवणीची गाडी मागे-मागे येत होती.

"ओ साहेब!" शिकवणीचे मास्तर ओरडले. "बोर्ड वाचता येत नाही का? रस्ता बंद आहे!"

"तो बोर्ड मी लावलाय!"

"तुम्ही?" मास्तरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "सहा वर्षं असा रिकामा रस्ता शोधतोय मी! दर शनिवारी लावाल का?"

"मास्तर, पाया पडतो, दोन मिनिटं ते शंकू उचला. फोटो काढायचाय."

मास्तर भला माणूस. त्यांनी शंकू उचलले. नकाशेरावांनी फळी उपटून बगलेत मारली, मोबाइल धरला, बटण दाबलं आणि न बघताच फोटो पाठवून दिला. बघायला हवा होता. नेमक्या त्याच क्षणी गाडीतल्या शिकाऊ बाईंनी ब्रेक समजून भलतंच काहीतरी दाबलं होतं आणि गाडी रस्त्यात सपशेल आडवी झाली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

उत्तर लगेच आलं. "फोटोत रस्ता पूर्ण अडवलेला दिसतो. बंदची मुदत संध्याकाळी सहापर्यंत वाढवली आहे. दक्षतेबद्दल आभार."

दक्षता! नकाशेरावांनी डोक्यावर हात मारला, तोही फळी धरलेला.

ते धापा टाकत परतले तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. पलीकडच्या काठावर आता नऊ माणसं होती. सर्वांत पुढे कठड्याला टेकून, हातात पांढरा कोट घेऊन, मेट्रनबाई घड्याळ बघत होत्या.

बायको ओट्यावर उभी होती. तिचं लक्ष नवऱ्याच्या बगलेतल्या फळीकडे गेलं. तिने ती वाचली.

"रस्ता कोणी बंद केला?"

"नियमाप्रमाणे बघितलं तर..."

"अहो, कोणी?"

"मी."

"का?"

"ट्रकची धूळ उडते," नकाशेराव फळीकडे बघत म्हणाले. "तुझ्या पांढऱ्या कपड्यांवर बसली असती."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. रागाने तिचे कान तापले होते, एकोणीस वर्षांची वाट पाहणं पंधरा पावलांवर येऊन अडलं होतं. आणि तरी या माणसाने हा सगळा गोंधळ आपल्यासाठी घातलाय, हे कळून तिला भरूनही आलं. दोन्ही एकदम येणं काही बरं नसतं. तिने आधी राग गिळला, मग दुसरं.

"तुमच्याशी नंतर बोलते. रिळांचा डबा आणा. आणि नाडीचं बंडल. आणि कपडे वाळत घालायची दोरी."

तिने सर्वांत मोठं रीळ निवडलं, दोऱ्याचं टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि पदर खोचून हाक मारली, "मेट्रनबाई, झेला!"

रीळ दोरा सोडत कालव्यावरून उडालं. मेहुणा पुढे झेपावला आणि त्याच्या हातून निसटलं. मेट्रनबाईंनी मात्र घड्याळावरची नजरही न काढता ते एका हातात पकडलं. तीस वर्षं इस्पितळ सांभाळलं होतं बाईंनी!

पुढचं झरझर झालं. इकडे दोऱ्याच्या टोकाला नाडी बांधली, नाडीला दोरी. तिकडे मेहुण्याने दोरा ओढला, मागोमाग नाडी गेली, नाडीमागून दोरी. दोरी कठड्याला पक्की बांधली, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांची टोपली अडकवली आणि टोपली ओढायला दोन्ही बाजूंनी नाडी. इकडची नाडी नकाशेरावांच्या हातात देण्यात आली.

"ओढा म्हटलं की ओढायचं," बायको म्हणाली. "बाकी डोकं चालवायचं नाही."

कोट हेलकावे खात आला. काखेतली शिवण उसवलेली, खिशाचा कोपरा फाटलेला, एक बटण गायब. अकरा वाजून तेरा मिनिटं. बायको मशीनवर बसली. फक्त मशीनचा आवाज. नकाशेराव नाडी धरून उभे होते. आयुष्यात इतक्या रेषा आखल्या त्यांनी, पण बायकोच्या सुईखालून निघत होती तशी सरळ एकही नव्हती. हे त्यांना आजच दिसलं, आणि मनातल्या मनात ते चांगलेच ओशाळले.

"ओढा!"

अकरा वाजून बावीस मिनिटांनी टोपली पलीकडे पोचली. मेट्रनबाईंनी कोट उलटा केला. काम जाणणारी माणसं आधी उलटी बाजू बघतात. शिवण दोन्ही हातांनी ताणली, बटण ओढून पाहिलं, खिशात अख्खी मूठ घातली. बायकोने मशीनची कड घट्ट धरून ठेवली होती.

"बाई!" मेट्रनबाईंचा आवाज कालव्यावरून खणखणीत आला. "सोमवारी साठ पाठवते. टोपली मोठी घ्या!"

पलीकडे टाळ्या पडल्या. शिकाऊ बाई गल्लीतून गाडी घेऊन नेमक्या तेव्हाच दारात पोचल्या आणि त्यांनी हॉर्न वाजवला. तोही चुकूनच. मग ज्याला त्याला टोपलीची हौस! मेहुण्याने अंगातला शर्ट काढून बटणासाठी पाठवला आणि बनियनवर उभा राहिला. एका मैत्रिणीने चेन बिघडलेली पर्स पाठवली. सहा वाजेपर्यंत नकाशेरावांच्या तळहातांना फोड आले. तक्रार करायची सोय नव्हती. त्यांनी मुकाट्याने ओढलं.

रविवारी सकाळी बायकोने पॅटर्नच्या कागदावर टेलरी खडूने हँडबिल काढलं आणि शंभर प्रती करून घेतल्या. पूल, वळण, गल्ली, बाण, दुकान. आठवडाभर संध्याकाळी पुलावर उभं राहून ती कोणी वाटली, हे सांगायला नकोच.

शुक्रवारी घुबडाचा संदेश आला. "आपण आखलेल्या दुकानाबद्दल तक्रारी आहेत. सात जण म्हणतात, दुकानाला कालव्याच्या पलीकडून टोपलीतून प्रवेश आहे. दार नेमके कुठे? पुरावा?"

नकाशेरावांचा ऊर भरून आला. चार वर्षांत प्रथमच त्यांच्या खिशात असा पुरावा होता, की ज्याच्यावर कोणी बोट ठेवू शकणार नव्हतं. त्यांनी हँडबिल नीट सपाट केलं, फोटो काढला, या खेपेला चांगला दोनदा पाहिला. बाण सरळ, पूल जागेवर, दार जागेवर. पाठवून दिला.

आणि मग त्यांची नजर हँडबिलाच्या तळाशी गेली. आठवडाभर ते फक्त बाणच बघत होते. खाली बायकोच्या ठसठशीत अक्षरांत एक ओळ होती :

'येताना नकाशा पाहू नये.'

नकाशेरावांनी डोळे मिटले. अर्ध्या मिनिटाने मोबाइल वाजला. त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं.

"पुरावा मान्य," घुबडाने लिहिलं होतं.