लाल फितीची झाडं

हिमानीने बांधाला स्कूटर लावली आणि समोर पाहिलं. शेतात झाडं जागच्या जागी होती, पण त्यांच्यावरची मिरची गायब होती.

वाणगावच्या शांतारामकाकांच्या या शेतात तिचा एमएस्सीचा प्रयोग होता. खताच्या अगदी शून्यापासून वेगवेगळ्या मात्रा, प्रत्येक मात्रा चार-चार वाफ्यांत, आणि कुठल्या वाफ्याला कुठली मात्रा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. आज पहिला तोडा. प्रत्येक वाफ्याची मिरची वेगळी तोडून वेगळी तोलायची होती, आणि ते पाहायला तिचे मार्गदर्शक कमलाकांत सर जातीने येणार होते. मागच्या साली एका मुलाचा प्रयोग त्यांनी हातातला चहा संपायच्या आत बाद केला होता.

"काका, मिरची कुठंय?"

"गेली की टेम्पोत," काका खुशीत म्हणाले. "तुजे सायेब येनार, तवा पसारा बरा दिसत नाय. नवसीला म्हटलं, बायका आन नि पहाटेच उरकून टाक."

"वाफ्यावाफ्याची वेगळी ठेवलीत ना?"

"वेगळी कशापायी? सगळी एकाच जातीची तर हाय."

हिमानी मटकन बांधावर बसली. अख्खा हंगाम पाण्यात गेला होता. रडू आवरता आवरता तिला वाफ्यांत काहीतरी लाल दिसलं. प्रत्येक वाफ्यात पाच झाडं मिरच्यांनी लगडलेली तशीच उभी होती, आणि त्यांना तिचीच लाल फीत होती. सगळी झाडं मोजत बसणं शक्य नसतं, म्हणून नमुन्यादाखल चिठ्ठ्या टाकून निवडलेली ही झाडं.

"नवसीताई, ही कशी सोडलीत?"

मजूरबायांची म्होरकी नवसी तिच्याकडे कीव आल्यासारखी पाहत राहिली. "फडकं बांधलेलं झाड कोन तोडील? बियान्याचं असतंय ते."

हिमानीने तिला मिठीच मारली. तेवढ्यात सरांची गाडी आली. झाला प्रकार ऐकून सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण ते म्हणाले, "बरं, नमुन्यावर भागवू." पहिल्याच वाफ्यापाशी ते थबकले. "याला तर खतच नाही ना? मग झाडं इतकी जोमदार कशी?"

हिमानीला त्या वाफ्यातलं बांधाकडचं एक खुरटं झाड आठवलं. चिठ्ठीत निघालं म्हणून तिने नाइलाजाने त्याला फीत बांधली होती. आता ते बोडकं होतं आणि फीत शेजारच्या धष्टपुष्ट झाडावर मिरवत होती.

"काका, ही फीत..."

"तू शेहरातली, बोईसरची पोर, तुला कसं ठाव असनार? रोगट झाडांनापन बांधलेलीस. बी धरायचं तर चांगलं झाड बघून धरावं. मीच सगळ्या फिती फिरवल्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते रागावलेसुद्धा नाहीत, आणि हिमानीला त्याचीच जास्त भीती वाटली. "चांगली बघून निवडलेली झाडं नमुना म्हणून चालत नाहीत. पुढच्या हंगामात पुन्हा लाव," एवढंच ते बोलले. हिमानीचे डोळे भरून आले.

गाडीकडे वळलेले सर परत फिरले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शांतारामभाऊ, या झाडांचं थोडं बी मिळेल का? गच्चीत लावीन म्हणतो."

"माजी ना नाय. पन पोरीला इचारा, फिती तिच्या हायेत."

हिमानीने डोळे पुसले. "देईन ना सर. पण कुठल्या झाडाचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू."