भोयांस दोर न मिळाल्याची बखर

नदी प्रसन्न असो वा नसो, कारभारी प्रसन्न असावे, ऐसे ज्या राज्यात म्हणत, त्या राज्याचे हे वर्तमान. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. आणि लिहिणाराचा जीवही तैसाच तापला आहे, सबब भाषा तिखट आली तर वाचणारांनी पाणी प्यावे, क्षमा मागणार नाही. राज्याचे नाव लिहीत नाही; ज्यास ओळख पटेल त्यास पटेल.

तर त्या राज्याच्या राजधानीस नदी होती, आणि नदीस घाट होता, आणि घाटावर सात भोई राहत, त्यांचा म्होरक्या रखमाजी तारू, आणि त्याची बाईल चांगुणा, दोर वळण्यात व तोंड वाजवण्यात सारखीच पटाईत. कोणी पाय घसरून बुडावा, कोणी संसारास विटून उडी टाकावी, आणि या सातांनी त्यास केसांस धरून काढावे, पोटातले पाणी काढावे, गुळाचा चहा पाजावा आणि घरी धाडावे. आणि त्यांची रीत ऐसी की पाण्याने माघारी दिल्या माणसास त्याचे नाव विचारू नये. विचारले तर नदी ऐकते आणि पुन्हा हाक मारते. म्हणून वीस वर्षांत किती जीव काढले ते कोणास ठाऊक नाही, आणि वाचलेले लोकही ओल्या कपड्यांनी मुकाट घरी गेले. त्यात नगरदरबारचा एक कारकूनही होता. मग होडीचा तळ कुजला आणि दोरास अकरा गाठी पडल्या, तेव्हां नगरदरबार लोकोपयोगी संस्थांस दरसाल अनुदान देतो ऐसे कानी आले, आणि रखमाजीने अर्ज केला की एक होडी द्यावी आणि एक लांब दोर द्यावा. दुसरे काही मागितले नाही. येथेच तो चुकला, कारण थोडे मागतो त्यास दरबार भिकारी समजतो.

आता अनुदानाचा न्याय कैसा होई ते ऐका. पाच परीक्षक बसत, मधोमध थोरले कारभारी त्र्यंबकराव निरगुडे, आणि पुढ्यात गुणांचा तक्ता. लाभार्थ्यांची यादी सह्यांनिशी असावी, त्यास पंचवीस गुण. लाभ होत असतानाचे फोटो, मागे फलक दिसेल ऐसे, त्यास पंचवीस. पूर्वी अनुदान मिळाले असल्यास आणखी पंचवीस, म्हणजे ज्याचे पोट भरले त्यासच पुन्हा पान वाढावे. आणि उरले ते परीक्षकांच्या मर्जीचे. आणि खरी मेख ही की बेरीज आधी शिसपेनीने लिहीत आणि गुण मागाहून बेरजेस जुळवून भरत. हे मी ऐकीव लिहीत नाही. त्या साली बेरीज आधीच लागली होती ती सरितागौरव मंडळीची, जिचे अध्यक्ष अवधूतराव पानसंबळ, कारभाऱ्यांचे साडू. ही मंडळी घाटावर नदीची आरती करी आणि जमल्या माणसाची आधी सही घेई, मग पेढा देई. सही नाही तर पेढा नाही. ऐसे बाराशे लाभार्थी.

मग रखमाजीस हुजूर बोलाविले, आणि तो धुतला सदरा घालून आला, आणि चांगुणा त्याच्या मागे उभी राहिली. कारभारी बोलिले, "आपण लोकांस वाचवता ऐसे ऐकतो. परंतु ऐकण्यास गुण नाहीत. यादी कोठे आहे?"

रखमाजी बोलिला, "यादी न्हाई, सायेब. पान्यानं माघारी दिल्याला आमी नाव इचारत न्हाई."

"मग फोटो?"

तेव्हां चांगुणा पुढे जाहली. "एका हातानं मानूस धरायचा अन् दुसऱ्या हातानं दोर. तिसरा हात देवानं दिला असता, तर काढला असता की फोटू!"

परीक्षक हसले. मेल्यांनो, हसलात! मग कारभाऱ्यांनी सभोवार पाहून विचारिले, "यांनी वाचविलेला एक तरी इसम कोणी दाखवील काय?" आणि कोणी बोलले नाही, आणि यादीपुढे शून्य पडले, फोटोपुढे शून्य पडले, आणि होडी व दोर सरितागौरव मंडळीस मंजूर जाहले.

पुढे वैशाखात भल्या सकाळी आरतीचा थाट जाहला. नव्या होडीस झेंडूच्या माळा चढविल्या आणि माळा कुस्करू नयेत म्हणून होडीस कुलूप घातले. नवा दोर पाहुण्यांच्या खुर्च्यांभोवती बांधिला, की रयत अंगावर येऊ नये. आणि गर्दी रेटली, आणि शेवाळलेल्या पायरीवरून दोन पोरी डोहात गेल्या. अवधूतराव कुलपाची किल्ली शोधीत राहिले आणि बाकीचे सहा भोई जाळी टाकण्यास दूर गेलेले, सबब रखमाजी एकटाच जुना दोर कमरेस बांधून उडी घेता जाहला. पहिली आणली, दुसरी आणली, तिला पायरीवर ढकलले, आणि आता आपण चढावे तो पाण्याची ओढ आली, आणि चांगुणा वरून दोर खेचीत होती, आणि दोर सातव्या गाठीस तुटला. तिच्या हाती सहा गाठी राहिल्या. दहा पावलांवर खुर्च्यांभोवती नवाकोरा दोर होता. तो सोडावा ऐसे एकाही पाहुण्यास सुचले नाही.

मग दरबारास कळवळा आला, तो मेल्यावर येतोच. शाल, श्रीफळ आणि चौकटीतले सन्मानपत्र ठरले, आणि चांगुणेस बोलाविले. वस्तू पोहोचल्याची पावती घ्यावी, तर कचेरीत छापील नमुना एकच. तिने बोट टेकवून विचारिले, "हितं काय लिवलंय?"

कारकून बोलिला, "लाभार्थी."

"म्हंजी?"

"ज्यास लाभ जाहला तो."

चांगुणेने शालीकडे पाहिले, कारकुनाकडे पाहिले, आणि अंगठा उठविला. कारभारी प्रसन्न मुद्रेने बोलिले, "आता यांच्या यादीस एक नाव जाहले. पुढील साली जरूर अर्ज करावा."

येणेप्रमाणे वर्तमान संपले. तात्पर्य थोडके. तो नमुना पुढे करणारा कारकून मी, आणि तक्त्यावर शून्ये लिहिणारा तोही मीच. नऊ वर्षांमागे रखमाजीने मला त्याच डोहातून केसांस धरून काढिले आणि गुळाचा चहा पाजिला. कारभाऱ्यांनी एक तरी इसम दाखवा म्हटले तेव्हां मी चार हातांवर बसलो होतो, आणि नोकरी जाईल म्हणून मान खाली घालून लिहीत राहिलो. रखमाजीने माझे नाव विचारिले नाही, ते नदीने ऐकू नये म्हणून. मी सांगितले नाही, ते कारभाऱ्याने ऐकू नये म्हणून.