भोईरकाकूंचं काहीच नुकसान झालं नाही

वादळात भोईरकाकूंच्या मिरची-कांडपाचे पत्रे उडाले, मागची भिंत कोसळली, शटर तेवढं उभं राहिलं. तरी काकू रोज सकाळी ते वर करायच्या आणि संध्याकाळी खाली ओढून दोन्ही कुलपं लावायच्या. कुणी पडक्या भिंतीवरून आत आलं की ओरडायच्या, “दुकानाला दार हाय ना? का डोळं फुटलंत?”

कुळगावच्या आमच्या गल्लीतले बाकीचे दुकानदार डोक्याला हात लावून बसले होते. मी पत्रकं वाटत होते : ‘भरपाई ही भीक नाही, हक्क आहे!’ सरकार वादळाआधी इशारे देतं आणि वादळानंतर गायब होतं, हे माझं मत आजही कायम आहे. निवेदनावर पहिली सही काकूंची हवी होती. त्या म्हणाल्या, “कागदानं मोटार सुकते का गो?” आणि कांडपाची भिजलेली मोटार नातवासारखी मांडीवर घेऊन रिक्षाने वाइंडिंगवाल्याकडे गेल्या. येताना चहावाल्याला दम दिला, “स्टोव्ह पेटव रं! रडायला तरी च्या लागतो.” दुपारी त्याच्याकडे चहा मिळाला, तेव्हा शेजारच्या न्हाव्यानेही खुर्ची पुसली.

पंचनाम्याला साहेब येणार म्हटल्यावर प्रत्येकाने चिखल तसाच ठेवला. काकूंनी मात्र ‘पाहुणे येणार’ म्हणून दुकान धुऊन लख्ख केलं. गल्लीतल्या बायकांनी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वादळाआधी काकूंकडेच कुटायला टाकलेल्या. पंच म्हणून त्याच उभ्या होत्या.

साहेबांनी विचारलं, “माल किती भिजला?”

“काय नाय. समदा घरी माळ्यावर व्हता.”

साहेबांनी खुशीत लिहिलं, ‘माल सुरक्षित.’ मी भडकले. “काकू, सरकारला फुकट सोडलंत!”

“सोडलं तं सोडलं. तू पाणी पी.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी घरोघरी डबे पोचवले. “घे गो तुजा मसाला.”

आमच्या मसाल्यात दगडफूल नसतं, आईला त्याचा वास खपत नाही. त्या दिवशी आमटीला दगडफुलाचा वास होता. शेजारी पाटीलवहिनींच्या कालवणालाही तोच. अख्ख्या गल्लीचा एकच वास! तेव्हा माझी ट्यूब पेटली. बायकांच्या मिरच्या कुजल्या होत्या. काकूंनी विकायला करून घरी ठेवलेला स्वतःचा मसाला सगळ्यांना वाटला होता. पंचनाम्यात खरं बोलल्या असत्या, तर मिरच्या गेल्याचं त्याच बायकांसमोर उघड झालं असतं.

मी तोंड उघडलं. आई म्हणाली, “गप जेव. आणि हे पत्रकात नको.”

भर पावसात कुणी मसाला कुटत नाही. पण आई आणि आणखी चौघी तव्यावर भाजलेल्या मिरच्या घेऊन ताडपत्री बांधलेल्या कांडपावर गेल्या. “यंदा पाहुणे फार, मसाला संपला.” मोटार घरघरली.

चाळता चाळता काकूंनी आईला हळूच विचारलं, “मागचा बरा व्हता ना? लवंग जास्त नाय ना झाली?”

“माझाच तर होता,” आई म्हणाली. “पण इतका चांगला कधी जमला नव्हता.”

“मग!” काकू ताठ्यात म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

आई चाळणीकडे बघत राहिली.