पहिल्या धारेची फटफटी

केरबाअप्पांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, पण परतूरच्या दारूच्या दुकानाला त्यांच्याएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारून ते पायरीशी उभे राहत आणि खणखणीत आवाजात सांगत, "पयल्या धारेची दे. पाणी घातलेली तिला चालत न्हाई." नवखा माणूस हे ऐकून चाट पडे. अप्पांची बायको तर कधीच वारली होती, मग ही 'ती' कोण? 'ती' म्हणजे अप्पांची फटफटी.

अप्पा माझे शेजारी. कपाशीची काळीभोर जमीन, घरचं सगळं ठीकठाक. एकदा कशाला तरी सिकंदराबादेला गेले आणि लष्करानं मोडीत काढलेली ही फटफटी मालगाडीत घालून घेऊन आले. तिच्या आवाजानं आमच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, असं माझी बायको आजही शपथेवर सांगते. अप्पांना काहीही विचारा, उत्तर एकच, "बिलकुल बराबर." पडून गुडघे फुटले तरी उठता उठता बिलकुल बराबर.

दर आठवड्याला ते "इंजनाला जरा रान दाखवून आणतो" म्हणून निघत आणि थेट कुंभार पिंपळगाव गाठत. तिथल्या पाटलांच्या घरी त्यांची एकुलती एक लेक गोदी दिलेली होती. पाटील माणूस वाईट नव्हता, पण सून माहेरी पाठवायची म्हटलं की त्यांना कापसाची वेचणी आठवे, वेचणी सरली की तूर, तूर सरली की पाहुणे. मुलीच्या बापानं व्याह्याशी वाद घालायचा नसतो. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नसतं. अप्पा हा रिवाज इतका कडक पाळत, की त्या गावच्या शिवेत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. "माझी फटफटीबी लेकीच्या गावचं पाणी पीत न्हाई," असं वर सांगत. तिला पाणी लागतच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. आधी पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, पुढं चिठ्ठी मिळायची आणि पेट्रोल मिळायचं नाही. फटफटी गोठ्यात बैलांशेजारी उभी राहिली. अप्पा बैलगाडीनं पिंपळगावला गेले, तेव्हा पाटलांनी त्यांना चिडवलंच. पाटलांना घोडीचं वेड. म्हणाले, "तुमचा डबा बसला की गोठ्यात. माझी घोडी बगा, रानातनंबी पळती."

"मंग चैत्रात जत्रंला लावा शर्यत," अप्पा म्हणाले. "रानातनंच. मी हरलो तर फटफटी तुमची."

"आन मी हरलो तर?"

"गोदीला पंचमीला धाडा. दिवाळी करून यील," अप्पा जमिनीकडं बघत म्हणाले.

हे कळल्यावर गल्लीत आम्ही त्यांना फार हसलो. एवढी उमदी घोडी मागायची सोडून या माणसानं घरात खाणारं तोंड मागून घेतलं होतं.

पेट्रोल नाही तर दारू, असं अप्पांनी ठरवलं. शहरात मोटारी मोहाच्या स्पिरिटवर धावतात, एवढं त्यांनी स्टेशनवर ऐकलं होतं. पहिल्या दिवशी फटफटी शिंकली आणि गप्प झाली. दारूत पाणी फार. मग त्यांनी दुकानदाराकडून तीच दारू पुन्हा भट्टीवर चढवून घेतली आणि पाणी शोषायला तिच्यात कळीचा चुना टाकून ठेवला. तरी फटफटी अर्धपोटी असल्यासारखी धापा टाकी, कारण दारू पेट्रोलपेक्षा जास्त लागते. तेव्हा ज्या बारीक पितळी तोटीतून इंजिनाला इंधन जातं, तिचं भोक मोठं करून घ्यायला अप्पा सोनाराकडे गेले. सोनार म्हणाला, "अप्पा, आजवर पोरींची नाकं टोचली. हिचं नाक कंचं ते तुमीच दावा."

सगळ्यात छळलं ते बुचानं. कार्बोरेटरमध्ये लाख चढवलेलं एक बूच तरंगत असतं. ते वर आलं की इंधन आत यायचं थांबतं. दारूनं ती लाख विरघळवली, बूच भिजून बुडालं आणि दारू अंगणभर वाहिली. अप्पांनी बांगडीवाल्याकडून नवी लाख चढवून आणली. तीही विरघळली. मग आणखी जाड चढवली. गल्लीतले दोन पिणारे त्या दिवसांत अप्पांच्या अंगणातली माती हुंगत बसलेले मी स्वतः पाहिले आहेत.

शेवटी अप्पांनी माळ्यावरून गोदीची भातुकली उतरवली. त्यातल्या लिंबाएवढ्या पितळी तांब्याचं तोंड सोनाराकडून डाख देऊन बंद केलं. बुचाच्या जागी तांब्या तरंगला.

"पोरीच्या भातुकलीतला तांब्या?" मी म्हणालो.

"मंग काय मास्तर? खेळणारी तिकडं गेली. ह्यो नुस्ता पडून राह्यला."

गार इंजिन दारूवर लवकर पेट घेत नाही, म्हणून जत्रेच्या सकाळी अप्पा फटफटीला गरम पाण्याच्या फडक्यानं बाळंतिणीसारखं शेकत बसले होते. शर्यत पिंपळगावच्या वेशीपासून ओढ्यापर्यंत आणि परत. ज्वारी काढलेल्या रानातल्या धसकटांवर फटफटी अशी उसळत होती, की अप्पा बैठकीवर कमी आणि हवेत जास्त दिसत. धुराला मोहाचा गोडसर वास होता, त्यामुळे जत्रेतले बरेच दर्दी लोक तिच्यामागं धावले. ओढ्यापर्यंत घोडी पुढं होती. परतताना इंजिन तापलं आणि अप्पांनी घोडीला चांगलं मागं टाकलं.

वेस समोर दिसत असताना फटफटी बंद पडली. दारू जास्त लागते म्हणून तोटीचं भोक मोठं केलं, पण टाकी तेवढीच राहिली, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अप्पा उतरून ढकलू लागले. मागून टापा जवळ येत होत्या. "हात लावा मास्तर, जल्दी," म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि मला एकदम कळलं की ह्या माणसाला हसण्यात आपण चूक केली.

तेवढ्यात गर्दीतून एक झिंगलेला गडी पुढं आला. त्यानं कमरेची बाटली काढली, तिच्याकडं एकवार प्रेमानं पाहिलं आणि सगळी टाकीत ओतली. "पिऊ द्या बिचारीला," तो म्हणाला. इंजिन तापलेलं होतं, म्हणून तिनं ती पाणचट दारूही चालवून घेतली. खोकत, ठसकत ती वेशीत शिरली तेव्हा घोडीचा श्वास अप्पांच्या मानेवर होता.

पाटील शब्दाचे पक्के. पंचमीच्या आधी गोदी बैलगाडीनं परतूरला आली, आणि आमच्या गल्लीतला आवाज बंद झाला. आठवडा गेला, पंधरवडा गेला. कोंबड्या अंडी देऊ लागल्या. मला मात्र करमेना, म्हणून एका सकाळी चौकशीला गेलो. अप्पा ओसरीवर काही न करता बसले होते. आत गोदी भाकरी थापत होती.

"काय बिघडलं हो फटफटीचं?" मी विचारलं.

"कुटं काय? चांगली हाय."

"मग काढत का नाही बाहेर?"

अप्पांनी आतल्या भाकरीच्या आवाजाकडं मान वळवली. मग हळूच म्हणाले, "जायचं कुटं मास्तर? पोरगी घरीच हाय की."