शेततळ्यात टाकलेला नांगर

सावळीरामच्या घरात नांगर या विषयावर बोलायचा हक्क एकट्या सावळीरामला होता. बाकीच्यांनी ऐकायचं, आणि जमलं तर मान डोलवायची!

"नांगरासारखा शब्द नाय दुसरा!" ताटातला रस्सा ओरपत तो सुरू व्हायचा. "शेतात घातला तर शेताचा, पाण्यात टाकला तर नावेचा. पूर्वी माणसाची ऐपतसुद्धा नांगरावर मोजायचे. आमच्या आजाची चार नांगरांची शेती होती! आणि एखाद्याचं वाटोळं झालं तर? नांगर फिरला म्हणतात! एक शब्द, पण किती कामं करतो बघा!"

"शब्द करतो हो. तुम्ही कधी करणार?" अंबूबाई, म्हणजे त्याची बायको, भाकरी थापता थापता विचारायची.

"आणि चार दिवसांसाठी आलेला पाव्हणा हलायचं नाव घेत नसला," सावळीराम ताटावरून डोळे न उचलता म्हणायचा, "तर त्यानंसुद्धा नांगर टाकला म्हणतात."

हे बोलणं मेहुण्याला, सुनीलला उद्देशून असायचं. सुनील बहिणीकडे दिवाळीला आला होता आणि आता पुढची दिवाळी तोंडावर आली होती. तो शांतपणे म्हणायचा, "दाजी, ती भाकरी सरकवा जरा."

असा हा नांगर वर्षानुवर्षं नुसता जेवणाच्या पंगतीत फिरत होता. तो खरोखर बाहेर काढायची वेळ आणली भाग्यश्रीच्या लग्नानं.

भाग्यश्री सावळीरामची एकुलती एक लेक. सातपूरला नोकरी करायची. तिथल्याच राज नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा चांगला, त्याची आई प्रतिभाताई चांगल्या. अडलं होतं ते फक्त राजच्या वडिलांपाशी. यादवसाहेब नौदलातून निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात राहायला आलेले. मिशा अशा की नुसत्या बघून माणूस सावधान उभा राहावा! बोलणं कमी, पण एकदा हो म्हणाले की हो, आणि नाही म्हणाले की विषय संपला. ते रविवारी सावळीरामच्या मळ्यावर जेवायला येणार होते, आणि जाताना काय ते सांगणार होते. भाग्यश्रीनं दहाही बोटांची नखं खाऊन संपवली होती.

"पप्पा, साधं जेवण करू. जास्त काही करू नका, प्लीज!" तिनं हात जोडले.

एवढं म्हटल्यावर सावळीरामनं जास्तीत जास्त करायचं ठरवलं.

"नौदलाचा माणूस! सगळी हयात समुद्रावर गेलेली! त्याला पिठलं-भाकरीचं काय कौतुक? त्याला नावेत बसवायचं!"

"नाव कुठं चालवणार? मखमलाबादच्या रस्त्यावर?" अंबूबाईनं विचारलं.

"आपल्या शेततळ्यात!"

मळ्याच्या वरच्या अंगाला, उतारावर सावळीरामचं शेततळं होतं. खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला, चारी बाजूंनी मातीचा बांध, आणि आत शेवंतीच्या पिकाला पुरेल एवढं पाणी. त्या पाण्याकडे अंबूबाई दुधाच्या पातेल्याकडे बघावं तशी बघायची. पण सावळीरामच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला जेसीबी लागायचा! ओळखीच्या एका माणसाकडून त्यानं जुनी नाव आणली. नाव मिळाली, पण तिला नांगर नव्हता.

"अहो, एवढ्याशा तळ्यात नांगर कशाला? नाव जाऊन जाऊन जाणार कुठं?" अंबूबाई म्हणाली.

"नौदलाच्या माणसाला बिननांगराच्या नावेत बसवू? काय म्हणेल तो? आणि शेतकऱ्याच्या घरात नांगराला काय तोटा हाय का?"

शनिवारी त्यानं माळ्यावरून आजोबांचा लाकडी नांगर काढला, धुऊन पुसून हळद-कुंकू वाहिलं आणि दोर बांधून तळ्यात सोडला. नांगर मजेत तरंगायला लागला. वारा आला तसा नावेच्या पुढंही गेला!

"दाजी," सुनील बांधावरून ओरडला, "नांगर नावेला वढून नेतोय!"

"मग लोखंडी घेऊ," सावळीराम म्हणाला. पडवीमागं बैलाचा लोखंडी नांगर पडलेला होता. त्याचा फाळ गंजला होता. सावळीरामनं तो घासूनपुसून असा लखलखीत केला की अंबूबाईला कित्येक वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्यानं एवढं मन लावून केलेलं काम बघायला मिळालं.

रविवारी पाहुणे आले. यादवसाहेबांनी चहा घेतला, मिशी पुसली आणि घड्याळाकडे पाहिलं. सावळीरामला राहवेना.

"साहेब, चला! तुमच्यासाठी खास नाव आणलीय!"

यादवसाहेबांचा चेहरा एकदम बदलला. "नाव? म्हणजे... पाण्यात?"

"तर काय! तळ्याच्या मधोमध!"

"एवढ्याची खरंच गरज आहे का?"

काय हा विनय! सावळीरामचा ऊर भरून आला. मोठ्या माणसांना आग्रहच करावा लागतो, असं म्हणत त्यानं साहेबांच्या दंडाला धरून त्यांना नावेत बसवलं. प्रतिभाताई बसल्या. स्वतः सावळीराम वल्हं घेऊन बसला. राज आणि भाग्यश्री बांधावर मोबाईल धरून उभे राहिले. नाव हलली तसे यादवसाहेबांनी दोन्ही काठ घट्ट धरले आणि डोळे मिटले. जुन्या आठवणी येत असतील, असं सावळीरामला वाटलं.

मध्यावर आल्यावर तो उठून उभा राहिला. नाव डुचमळली.

"साहेब, हुकूम द्या!"

"क... कसला?"

"नांगर टाकायचा!"

"टाका. काय टाकायचं ते टाका, पण आधी खाली बसा!" साहेब डोळे न उघडता म्हणाले.

सावळीरामनं अंगातलं सगळं बळ लावून नांगर उचलला आणि दिला टाकून! केवढं पाणी उडालं! प्रतिभाताईंची पैठणी भिजली. पण नाव जागच्या जागी उभी राहिली. सावळीरामनं थर्मासमधला चहा ओतला. आयुष्यात इतकं सुख त्याला एकदाच झालं होतं, तेही पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोला भाव आला तेव्हा.

मग वारा सुटला. नाव हळूहळू बांधाकडे सरकायला लागली आणि खाली नांगर गुळगुळीत कागदावरून घसरत निघाला. बांधाजवळ आल्यावर मात्र एक हिसका बसला, फाळ कुठंतरी रुतला आणि पाण्यातून बुडबुडे यायला लागले.

सावळीरामच्या हातातला कप तसाच राहिला. कागद! नांगराचा आणखी एक गुण तो साफ विसरला होता: नांगर फाडतो!

"काय झालं?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"काय नाय, काय नाय! मासे आसतील," असं म्हणत तो गुपचूप दोर ओढायला लागला. नांगर जराही हलेना. उलट नाव एका अंगाला कलली. यादवसाहेबांच्या तोंडून मिशांना न शोभणारा बारीक आवाज निघाला.

"सुन्या!" सावळीरामनं दोराचं मोकळं टोक बांधावर भिरकावलं. "ओढ! पण सावकाश!"

सुनीलनं ओढून पाहिलं, दम खाल्ला आणि तो पळाला. वर्षभरात ज्याला कोणी उठून पाणी घेताना पाहिलं नव्हतं, तो त्या दिवशी पळाला! ट्रॅक्टर घेऊन आला, दोर मागं बांधला आणि अंबूबाई "अरे, कागद! मेल्या, कागद!" म्हणून ओरडेपर्यंत गिअर टाकून मोकळाही झाला.

नांगर निघाला. एकटा निघाला नाही! आधी टरटर करत कागद फाटला, मग नांगर मातीत घुसला आणि तळापासून माथ्यापर्यंत बांध नांगरून बाहेर आला. सरळ, खोल, एका रेषेत. एवढी सुंदर नांगरट त्या मळ्यात कधी झाली नव्हती! पुढच्या क्षणी बांध खचला आणि पाणी धो धो बाहेर पडलं.

"सावळीराम!" खालच्या शेतातून शेजारीण धोंडाबाईचा आवाज आला. "आरं, बास कर! माझी वांगी पवायला लागली!"

नाव खाली खाली जात राहिली आणि शेवटी चहाच्या थर्माससकट तळाशी टेकली. तीन बाजूंना उंच, निसरडा कागद आणि फुटलेल्या बाजूला नुसता चिखल. सावळीराम दोनदा वर चढला आणि दोनदा घसरत परत नावेपाशी आला. वर भाग्यश्री तोंडावर हात धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तळ्यात तेवढंही उरलं नव्हतं. सावळीरामनं कपाळावर हात मारून घेतला. आपल्या हौसेपायी पोरीचं लग्न मोडलं! तो यादवसाहेबांपुढं हात जोडून उभा राहिला.

"साहेब, माझं चुकलं. पण त्यात पोरीचा काय दोष नाय..."

यादवसाहेबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. वाकून नावेबाहेर पाहिलं, एक पाय टाकून कागद चाचपला आणि एवढा मोठा श्वास सोडला की मिशा हलल्या.

"सावळीरामभाऊ," ते म्हणाले, "तुम्ही ओळखलंत!"

"ऑं?"

"पंचवीस वर्षं नौदलात होतो, पण कचेरीत! पाण्याची मला लहानपणापासून भयंकर भीती. लाजेनं कुणाला बोललो नाही. या राजलासुद्धा ठाऊक नाही. तुम्ही मात्र माझा चेहरा बघितलात आणि चारचौघांत एक शब्द न बोलता माझ्यासाठी अख्खं तळं रिकामं केलंत! असा मन जाणणारा व्याही मला कुठं मिळणार? लग्न पक्कं!"

भाग्यश्रीनं वरूनच आनंदानं किंकाळी फोडली.  सावळीरामनं फेटा सारखा केला आणि छाती पुढं काढली.

"साहेब, माणसापुढं पाणी काय चीज हाय!"

"तर! मोठे आले!" अंबूबाई बांधावरून कडाडली. "आता शेवंतीला काय पाजू? थर्मासमधला चहा?"

पण यादवसाहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते भिजलेली पैठणी पिळणाऱ्या प्रतिभाताईंकडे वळले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला होता.

"अगं, तू कधीची गंगापूर धरण बघायचं म्हणतेस ना? जेवण झालं की आजच जाऊ! मला आता कसली भीती? सावळीरामभाऊ सोबत आहेत!"

सगळे सावळीरामकडे बघायला लागले. तेवढ्यात वरून सुनीलचा आवाज आला.

"दाजी, ट्रॅक्टर बंद करू का तसाच चालू ठेवू?"